लॅटिनो माणसासाठी मानसोपचार शोधताना: पहिल्या फोनपासून चौथ्या भेटीपर्यंत

इमर्जन्सी रूममध्ये दोन खाटांच्या मध्ये फक्त एक पडदा असतो, आणि तो कधीच पूर्ण ओढला जात नाही. पलीकडच्या बाईंचा उजवा हात सारखा छातीवर जात होता. शेजारी त्यांची अकरा वर्षांची मुलगी, मांडीवर शाळेचं दप्तर घेऊन. डॉक्टर मुलीला इंग्रजीत विचारायचे, मुलगी आईला स्पॅनिशमध्ये विचारायची आणि आईचं उत्तर पुन्हा इंग्रजीत सांगायची. आई म्हणाली, "या नो किएरो देस्पेर्तार." आता मला जागच यायला नको. मुलीने एकदा आईकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "तिला नीट झोप लागत नाही."

मी पडद्याच्या अलीकडे दुसऱ्या पेशंटसाठी दुभाषाचं काम करत होते. नर्सला बाजूला घेऊन खरं वाक्य सांगितलं, म्हणून पुढचं टळलं. त्या मुलीचा राग मला आजही येत नाही. आईचं ते वाक्य स्वतःच्या तोंडून उच्चारायचं कोणत्या लेकराला जमेल?

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला स्पॅनिश शिकले होते, ते इथे पोटापाण्याला उपयोगी पडलं. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, पर्थ अँबॉयमध्ये डोमिनिकन रिपब्लिकची. आणि एडिसनमध्ये आपण. आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या ताई, गोदामातले सहकारी, ऑफिसातली मैत्रीण, आता तर कुणाची सून, कुणाचा जावई: ही सगळी लॅटिनो, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली, माणसं. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या मराठी घरातून फोन येतो: "आमच्या मारियाचं काही खरं नाही गं, रडत असते. कुठे पाठवू?" त्या सगळ्यांना जे सांगते, ते एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

घाई असेल तर आधी हे

जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलून दाखवलं असेल, तर बाकीचा लेख नंतर वाचा. ९८८ लावा. जुलै २०२२ पासून हा राष्ट्रीय क्रमांक चालू आहे. निवेदन सुरू झालं की २ दाबायचं, स्पॅनिश बोलणारा समुपदेशक फोनवर येतो. एकाच खोलीत पाच माणसं झोपत असतील आणि बोलायची सोय नसेल, तर ९८८ वर 'आयुदा' (म्हणजे मदत) हा शब्द रोमन लिपीत मेसेज करायचा. ही स्पॅनिश मेसेजची सोय २०२३ पासून आहे. बाळंतपणाच्या आगेमागे मन खचलं असेल तर १-८३३-८५२-६२६२, घरात मारहाण होत असेल तर १-८००-७९९-७२३३. दोन्हीकडे स्पॅनिश चालतं.

पायरी १: त्रास त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या

'डिप्रेशन' हा शब्द सहसा तुमच्या कानावर पडणार नाही. पडेल तो 'नेर्बिओस'. शब्दशः नसा, पण अर्थ फार पसरलेला: जीव घाबरा होणं, हात थरथरणं, डोकं गच्च होणं, चिडचिड, रडू. 'अताके दे नेर्बिओस' म्हणजे याचा झटका. कॅरिबियन बेटांवरच्या माणसांकडून हे जास्त ऐकू येतं. घरात कुणी गेल्याची बातमी येते, मोठं भांडण होतं, आणि छातीतून डोक्याकडे आग चढत गेल्यासारखं होऊन माणूस ओरडतो, थरथरतो, कधी कोसळतो.

'सुस्तो' मात्र मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपण 'धसका घेतला' म्हणतो ना, तेच. अपघात पाहिला, मूल पाण्यात पडता पडता वाचलं, आणि तेव्हापासून खाणं-झोपणं गेलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत अशी समजूत आहे की त्या धक्क्याने जीव शरीरापासून सुटून मागे राहतो, तो परत बोलवावा लागतो. मग 'कुरांदेरो'कडे, म्हणजे गावठी वैद्याकडे, जाऊन 'लिम्पिया' करतात, अंगावरून अंडं किंवा पाल्याची जुडी उतरवतात. मीठ-मोहरी उतरवताना पाहिलेल्या कुणालाही ते दृश्य अनोळखी वाटणार नाही.

हे शब्द डॉक्टरांसमोर बोलायची लाज बाळगायचं कारण नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ निदानासाठी ज्या ग्रंथाचा आधार घेतात, त्या डीएसएमच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत वेगवेगळ्या समाजांत दुःख कसं बोललं जातं याची नोंद आहे. तिच्यात नेर्बिओस, अताके दे नेर्बिओस आणि सुस्तो तिन्ही आहेत, आणि त्याच यादीत आपल्याकडचा 'धात' जाण्याचा धसकाही आहे.

म्हणून पहिलं काम एवढंच: एक वही. त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काय घडलं, कशाने वाढतो, त्याला ते स्वतः काय म्हणतात. भाषांतर करू नका, जसा शब्द तसा उतरवा. अंगदुखी, पोटात गोळा, मान भरून येणं, सगळं लिहा. मन दुखतं तेव्हा बऱ्याच जणांचं आधी अंग बोलतं. सोबत थायरॉईड आणि साखरेची तपासणी करून घ्यायला सांगा. सगळं 'नेर्बिओस'च्या खात्यावर टाकलं आणि आजार थायरॉईडचा निघाला, असंही होतं.

एक गोष्ट आवर्जून. नुकत्याच गेलेल्या आईचा आवाज ऐकू येतो, ती स्वयंपाकघरात उभी दिसते, असं सांगणारी माणसं मला नेहमी भेटतात. शोकात त्यांच्याकडे हे अघटित मानत नाहीत. पण घाईतल्या डॉक्टरच्या कागदावर ते 'आवाज ऐकू येतात' एवढंच उमटतं आणि औषधं भलत्याच आजाराची सुरू होतात. वहीत लिहा: कुणाचा आवाज, काय म्हणतो, ऐकून बरं वाटतं की भीती.

पायरी २: 'लॅटिनो' म्हणजे कोण, ते विचारा

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख माणसांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणून नोंदवलं. त्या एका शब्दात क्यूबाचे डॉक्टर आहेत, ग्वाटेमालाचे शेतमजूर आहेत, पोर्तो रिकोचे, म्हणजे जन्मानेच अमेरिकन नागरिक असलेले लोक आहेत, आणि टेक्सासात सात पिढ्या राहिलेल्या, स्पॅनिश विसरलेल्या घराण्यांतलेही आहेत. ब्राझीलचा माणूस लॅटिनो खरा, पण त्याची भाषा पोर्तुगीज.

वाहाकातून आलेल्या काहींची घरची भाषा मिश्तेको किंवा सापोतेको असते, ग्वाटेमालातल्यांची माम किंवा किचे. त्यांना स्पॅनिश येतं ते बाजारापुरतं. समोरच्याचा मान राखायचा म्हणून ते प्रत्येक प्रश्नाला 'सी, सी' म्हणत मान हलवतात आणि आपल्याला वाटतं समजलं. म्हणून विचारा, "लहानपणी आईशी कोणत्या भाषेत बोलायचात?" "तुम्ही कुठले?" हा प्रश्न सध्याच्या दिवसांत चौकशीसारखा वाटतो. आईची भाषा विचारली की चेहरा सैल पडतो.

पायरी ३: कुणाकडे जायचं

इथे फार वेळ घालवू नका. औषध लिहून देतो तो सायकियाट्रिस्ट. त्याची वेळ मिळायला बहुतेक ठिकाणी महिने जातात. बोलून उपचार करणारे पुष्कळ प्रकारचे: सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर, कुटुंब-समुपदेशक. यांपैकी कुणीही परवानाधारक चालेल. अगदीच सुरुवात असेल तर नेहमीच्या डॉक्टरकडूनच करा. नऊ प्रश्नांची एक चाचणी असते, पीएचक्यू-९ नावाची, ती स्पॅनिशमध्ये छापलेली मिळते आणि नैराश्याची साधी औषधं नेहमीचे डॉक्टरही देतात. "मानसिक डॉक्टरकडे चल" म्हटल्यावर जी व्यक्ती "मी काय लोका आहे?" म्हणून उठून जाते ('लोका' म्हणजे वेडी), ती "डोकं दुखतं ना, डॉक्टरांना दाखवू" म्हटल्यावर येते.

पायरी ४: कुठे शोधायचं

इन्शुरन्स नसेल किंवा तुटपुंजा असेल तर सरकारी अनुदानावर चालणारी समाज-आरोग्य केंद्रं हा पहिला पर्याय. देशभर अशा चौदाशेच्या आसपास संस्था आहेत. पैसे नाहीत म्हणून ती पेशंटला परत पाठवत नाहीत. उत्पन्नाप्रमाणे फी कमी होत जाते, त्याला 'स्लायडिंग स्केल' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी शरीराचे डॉक्टर आणि मनाचे समुपदेशक एकाच छताखाली बसतात. त्यामुळे वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी भेटलं तरी "रक्तदाब तपासायला आले" म्हणता येतं. हे किती मोलाचं आहे ते छोट्या वस्तीत राहणाऱ्यालाच कळेल.

लॅटिनो चळवळीतूनच उभ्या राहिलेल्या काही संस्था मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. ओकलंडची ला क्लिनिका दे ला रासा १९७१ सालची. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात इन्स्टिट्यूटो फामिलिआर दे ला रासा १९७८ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. वॉशिंग्टनमध्ये ला क्लिनिका देल पुएब्लो आणि मेरीज सेंटर. नॉर्थ कॅरोलायनात डरहमला एल फुतूरो. न्यूयॉर्कची कॉम्युनिलाइफ 'लाइफ इज प्रेशस' नावाचा उपक्रम चालवते, तो जीव द्यायचा विचार करणाऱ्या लॅटिना मुलींसाठीच आहे; तिथे चित्रकला, संगीत, अभ्यास आणि आयांशी बोलणं सगळं एकत्र चालतं. तुमच्या गावात यांची शाखा नसली तरी हरकत नाही. कशा प्रकारची जागा शोधायची याचा अंदाज यांच्याकडे पाहून येतो.

खासगी थेरपिस्ट हवा असेल तर 'लॅटिनएक्स थेरपी' आणि 'थेरपी फॉर लॅटिनएक्स' या दोन सूची आहेत. 'सायकॉलॉजी टुडे'च्या सूचीतही भाषा निवडता येते. एसएएमएचएसए या सरकारी खात्याची १-८००-६६२-४३५७ ही हेल्पलाइन दिवसरात्र, स्पॅनिशमध्येही, जवळची ठिकाणं सांगते. मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांत प्रशिक्षण-क्लिनिक असतात. विद्यार्थी उपचार करतात, वर अनुभवी शिक्षकाची देखरेख असते आणि फी अगदी कमी. मी इथे निःशंक मनाने पाठवते.

पण सगळ्यात खात्रीची वाट कागदावर सापडत नाही. ती म्हणजे 'प्रोमोतोरा'. आपल्याकडे गावात आशाताई असते, तशी वस्तीतलीच एक बाई, थोडं प्रशिक्षण घेतलेली. कोणती थेरपिस्ट कशी बोलते, कुठली रिसेप्शनिस्ट खेकसते, कुठे शनिवारी उघडं असतं, हे तिला तोंडपाठ असतं. ती चर्चमध्ये, शाळेच्या पालकसभेत, आरोग्य केंद्राच्या दारात भेटते. मेक्सिकोच्या वकिलातींमध्येही 'बेन्तानिया दे सालूद' म्हणजे आरोग्य-खिडकी असते. पासपोर्टसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तिथेच तपासण्यांची आणि क्लिनिकांची माहिती मिळते.

पायरी ५: फोन

सगळा लेख विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. अपॉइंटमेंट घेण्याआधी प्रश्न विचारायचा हक्क पेशंटला आहे. आपल्यासारखीच लॅटिनो माणसंही डॉक्टरला प्रश्न विचारायला कचरतात. 'रेस्पेतो', म्हणजे मोठ्यांचा मान, आड येतो. तिथे तुमची मदत लागते. शेजारी बसा, स्पीकर चालू ठेवा, प्रश्न त्यांनाच विचारू द्या, अडलं तर पुढे व्हा.

पहिला प्रश्न भाषेचा, पण खोलात जाऊन. "स्पॅनिश येतं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. विचारायचं असं: "तुम्ही स्वतः स्पॅनिशमध्ये उपचार करता, की दुभाषी बोलावता? तुमचे किती पेशंट पूर्ण वेळ स्पॅनिशमध्ये बोलतात?" इथे जन्मलेल्या अनेक लॅटिनो थेरपिस्टांचं स्पॅनिश आजीच्या स्वयंपाकघरातलं असतं आणि शिक्षण सगळं इंग्रजीत झालेलं असतं. एडिसनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांच्या मराठीसारखं ते. प्रेमाचं, पण 'डोक्यात नको ते विचार घोंगावतात' हे बोलायची वेळ आली की अडखळणारं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या पाहणीत स्पॅनिशमधून सेवा देऊ शकणारे मानसशास्त्रज्ञ जेमतेम साडेपाच टक्के निघाले होते, तेव्हा यावर फार अडून बसण्यात अर्थ नाही. पण आधी माहीत असलेलं बरं. आणि आडनाव रॉड्रिगेस आहे म्हणून काहीच गृहीत धरू नका. माझ्या पेशंटांपैकी एकीचं सगळ्यात जास्त जमलं ते स्पॅनिश शिकलेल्या एका आयरिश वंशाच्या बाईंशी.

दुसरा प्रश्न कुटुंबाचा: "घरच्यांना कधी आणि कसं सामील करून घेता?" इथला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. पंचवीस वर्षांची मुलगी, आईवडिलांसोबत राहणारी, पगारातून घरभाड्याला हातभार लावणारी. दुसऱ्याच भेटीत थेरपिस्टने सुचवलं की आधी वेगळं घर घे, तुला सीमारेषा आखायला हव्यात. ती पुन्हा गेली नाही. एकत्र राहणं हाच तिचा आजार आहे असं त्या खोलीत ठरून गेलं. तिचा खरा प्रश्न वेगळा होता: ती आठ वर्षांची असताना आई तिला आजीकडे ठेवून अमेरिकेत आली आणि सहा वर्षांनी तिला बोलावून घेतलं. अशी ताटातूट आणि मग अनोळखी झालेल्या आईशी पुन्हा जुळवून घेणं, हे या समाजात हजारो घरांत झालेलं आहे. म्हणून तिसरा प्रश्न हाच: "सीमा ओलांडून आलेल्या, मुलांपासून वर्षानुवर्षं दूर राहिलेल्या माणसांबरोबर काम केलंय का?"

चौथा: "पेशंट कुरांदेरोकडे किंवा पाद्रींकडेही जात असेल तर?" चांगला थेरपिस्ट म्हणेल, जाऊ दे, मला फक्त सांगत राहा. जो हसेल किंवा तुच्छतेने बोलेल, त्याच्यासमोर पेशंट पुढच्या वेळी खोटं बोलेल.

उलट बाजूचा धोकाही आहे आणि तो मला जास्त भीतिदायक वाटतो. नवरा मारतो असं बाई सांगते आणि समोरचा म्हणतो, "तुमच्याकडे 'माचिस्मो' (पुरुषी वर्चस्व) असतोच." संस्कृती समजणं म्हणजे मार समजून घेणं नव्हे. असं वाक्य ऐकू आलं की तिथून उठा.

शेवटी वेळ. बांधकामावर, हॉटेलात, शेतात काम करणाऱ्याला दुपारी दोनची अपॉइंटमेंट म्हणजे दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळ, शनिवार, व्हिडिओ यांची सोय आहे का, विचारा. जेवणाच्या सुट्टीत व्हॅनची काच वर करून, फोन डॅशबोर्डला टेकवून थेरपी घेणारे गवंडी मी पाहिले आहेत. व्हिडिओला एक अडचण आहे: पेशंट ज्या राज्यात बसलेला असेल, त्या राज्याचा परवाना थेरपिस्टकडे सहसा असावा लागतो. हिवाळ्यात फ्लोरिडात आणि ब्लूबेरीच्या हंगामात न्यू जर्सीत असणाऱ्या मजुरांनी हे आधीच बोलून घ्यावं.

पायरी ६: दुभाषी लागला तर

केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्याने पेशंटला समजेल अशा भाषेची सोय करायची असते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टचा हा अर्थ आहे. दुभाषी फुकट मिळतो. लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला, जिवावरची तातडी सोडली तर, मनाई आहे. तरीही वापरतात, ते सुरुवातीला सांगितलंच. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: दुभाषी हवा, बाई हवी की पुरुष, कोणत्या देशाचं स्पॅनिश. मिश्तेको किंवा माम भाषेचा दुभाषी बहुधा फोनवर मिळतो आणि आठवडाभर आधी सांगावं लागतं. दुभाषी त्याच वस्तीतला, त्याच चर्चमधला निघाला तर पेशंटने नकार द्यावा. दुसरा मिळतो.

एका शब्दाने काय होतं त्याचं उदाहरण आम्हा दुभाषांना पहिल्याच दिवशी शिकवतात. १९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरचे 'इन्तोक्सिकादो' म्हणाले. क्यूबन बोलीत याचा अर्थ काहीतरी खाल्लेलं बाधलं. डॉक्टरांनी 'नशेत' असा अर्थ घेतला आणि अमली पदार्थांचा उपचार सुरू केला. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले.

औषधाच्या बाटलीवरही नजर ठेवा. इंग्रजीत दिवसातून एकदा म्हणजे 'वन्स'. तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' वाचली जातात आणि ओन्से म्हणजे अकरा. लेबल स्पॅनिशमध्ये छापून मागा.

पायरी ७: पैसे आणि कागद

इन्शुरन्स असेल तर कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून मानसोपचाराचा को-पे, म्हणजे दर भेटीला आपल्या खिशातून भरायचा वाटा, विचारा. २००८ च्या समानता कायद्याप्रमाणे जी योजना मानसोपचार देते, तिने त्यांना शरीराच्या आजारांपेक्षा जाचक अटी लावायच्या नसतात. रोख भरणार असाल तर खर्चाचा लेखी अंदाज आधी मागा. २०२२ पासून तो द्यावा लागतो.

कागदपत्रांची भीती हा खरा अडसर आहे. जानेवारी २०२५ मध्ये इस्पितळं, शाळा, चर्च यांच्या आवारात इमिग्रेशनची कारवाई टाळण्याचं सरकारचं जुनं धोरण मागे घेतलं गेलं. त्यानंतर ठरलेल्या अपॉइंटमेंटी रिकाम्या जाताना मी पाहिल्या. "काही होणार नाही, चला" असं कुणालाही म्हणू नका. ते वचन आपल्या हातात नाही. त्याऐवजी क्लिनिकला फोनवर विचारा: इमिग्रेशनची माहिती लिहून घेता का? आवारात अधिकारी आले तर तुमचा नियम काय? व्हिडिओवर भेटता येईल का? मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) अर्ज भरण्याआधी कायदा-मदत संस्थेतल्या वकिलाशी बोलायला सांगा. 'नोतारियो'कडे मात्र नको. त्यांच्या देशांत नोतारियो हा वकील असतो, इथे नोटरी म्हणजे फक्त सही-शिक्क्याचा माणूस, आणि त्या गैरसमजावर पैसे काढणारे पुष्कळ आहेत.

पायरी ८: पहिल्या चार भेटी

स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच, उच्चारासकट. मोठ्यांना, अनोळखींना 'उस्तेद', म्हणजे तुम्ही. साठीच्या दोन्या कार्मेनना ('दोन्या' हे बाईंसाठीचं आदराचं संबोधन) विशीतली थेरपिस्ट पहिल्याच वाक्यात 'तू' म्हणाली, तर त्या हसून उत्तरं देतील आणि परत येणार नाहीत. आपल्या आजीला कुणी अरेतुरे केलं तर जे वाटेल तेच.

पहिल्या भेटीत माणूस थोडं इकडचं तिकडचं बोलतो: गाव कुठलं, मुलं किती, पाऊस कसा. हा वेळ वाया गेला असं मानू नये. 'कोन्फियान्सा', भरवसा, तिथेच बसतो. त्याशिवाय घरातली गोष्ट बाहेर पडत नाही. स्पॅनिश म्हणच आहे, 'लॉस त्रापोस सुसिओस से लाबान एन कासा', मळलेली फडकी घरातच धुवायची. ती वही सोबत न्या. थेरपिस्टला विचारता येतं की डीएसएम-५ मधली सांस्कृतिक मुलाखत घ्याल का. १६ प्रश्नांची ती मुलाखत तुमच्या मते हा त्रास काय आहे, घरचे त्याला काय म्हणतात, इथपासून सुरू होते.

चहा आणि पाला यांची यादी द्या, न लाजता. कॅमोमाइल बहुतेकांना चालतो. पण 'येर्बा दे सान हुआन' ही वनस्पती नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतली तर धोका होऊ शकतो आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते. डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही.

पुरुषांसाठी एक सूचना. 'आग्वांतार' म्हणजे सोसणं, तोंडातून शब्द न काढता. त्यांच्याकडे ही मर्दानगीची खूण आहे. अशा माणसाला "तुमच्या भावना सांगा" म्हटलं की दार बंद. "झोप किती? दारू वाढली का? मुलांवर ओरडता का?" एवढंच विचारलं तर तो बोलतो. 'देसाओगार्से' हा त्यांचा शब्द वापरून पाहा. अर्थ मन मोकळं करणं, पण शब्दशः बुडणाऱ्याने पाण्याबाहेर येऊन श्वास घेणं.

चौथ्या भेटीनंतर घरी विचारा: तिथून निघताना कसं वाटतं? सगळं सांगता आलं का, की काही गिळलं? थेरपी अवघड वाटणं साहजिक आहे. पण समोरच्याला स्वतःची माणसं, गाव, देव समजावून सांगण्यातच सगळा तास जात असेल तर बदला. एक वाक्य पुरतं: "मला दुसऱ्या कुणाकडे जायचंय, नाव सुचवाल का?" याचा राग धरणं त्यांच्या पेशात बसत नाही. नवीन जागा मिळेपर्यंत जुनी सोडू नका आणि दोन-तीन ठिकाणच्या प्रतीक्षायादीत एकदमच नाव घाला.

मधल्या काळात घरच्यांसाठी एनएएमआय या संस्थेचे स्पॅनिशमधले मोफत वर्ग आहेत, 'दे फामिलिया आ फामिलिया' नावाचे. आजारी माणसाशी घरात कसं वागायचं ते, त्याच अनुभवातून गेलेले लोक शिकवतात. पडद्यापलीकडच्या त्या बाईंच्या नवऱ्याला मी तिथेच पाठवलं होतं. बाईंना एका आरोग्य केंद्रात स्पॅनिश बोलणारी सोशल वर्कर मिळाली, तिसऱ्या प्रयत्नात. त्या दर गुरुवारी संध्याकाळी जातात. मुलगी बाहेर बाकावर बसून गृहपाठ करते.